भरती न होता बरं होण्याचा इतिहास

मराठीत एखाद्याला वेडा ठरवायला फार शब्द लागत नाहीत, गावाचं नाव घेतलं की काम होतं. पुण्यात ‘येरवडा’, मुंबईत ‘ठाणा’, कोकणात ‘रत्नागिरी’. नागपुरात तर पागलखाना चौक नावाचा चौकच आहे. राज्यातली जुनी चार सरकारी मनोरुग्णालयं याच चार ठिकाणी आहेत आणि चारही नावं शिवीसारखी वापरली जातात. ही शिवी रोगावरून नाही, भिंतीवरून आली आहे. आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही, आला तरी लोक त्याला पूर्वीचा मानत नाहीत, अशी त्या भिंतीची ख्याती.

वसाहतकाळातल्या वेड्यांच्या इस्पितळांत पुरुषच जास्त असायचे. यावरून बायकांची मनं तेव्हा निरोगी होती असं कुणी समजू नये. बाईला आत पाठवण्यापेक्षा घरातल्या मागच्या खोलीत ठेवणं सोपं होतं, आणि त्यात घराण्याची अब्रूही झाकली जायची. पण जी आत गेली, तिला न्यायला पुन्हा कुणी येईलच याची खात्री नसायची. २०१६ मध्ये राष्ट्रीय महिला आयोग आणि बंगळुरूच्या निमहान्सनं सरकारी मनोरुग्णालयांतल्या स्त्रियांची पाहणी केली. तेव्हाही बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी टाकून दिलेल्या बायका हा त्यातला एक मोठा प्रश्न होता. शंभर वर्षांत भिंतीचा रंग बदलला, एवढंच म्हणायचं.

कायदाही भिंतीच्याच बाजूचा होता. १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आणि त्यानंतरचा १९१२ चा लुनसी कायदा वाचताना वाटतं, आपण आजाऱ्यांबद्दल नाही, आरोपींबद्दल वाचतोय. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग हुकूम निघायचा. अर्ज शक्यतो नवऱ्यानं किंवा बायकोनं, नाहीतर नातेवाइकानं करावा, अशी तरतूद होती. स्वतःहून दाखल होण्याची वाट होती, पण अरुंद. हा १९१२ चा कायदा थेट १९९३ पर्यंत चालू राहिला. १९८७ मध्ये संसदेनं नवा कायदा केला, तो अमलात यायला आणखी सहा वर्षं गेली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सेहेचाळीस वर्षं आपण मन आजारी पडलेल्या माणसाला इंग्रजांच्या ‘लुनॅटिक’ या शब्दानंच ओळखत होतो.

त्याच काळातला विवाहाचा कायदा शेजारी ठेवून पाहिला की बाईची अडचण नीट कळते. १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यानं पत्नीला काही कारणांवरून कोर्टात तलाक मागायचा हक्क दिला. नवरा दोन वर्षं वेडा असेल तर, हे त्यातलं एक कारण. नवऱ्याला मात्र कारणाचीच गरज नव्हती. तोंडी तीन शब्द पुरत होते, ते थेट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत. हिंदू विवाह कायद्यातही ‘मनोविकृती’ हे घटस्फोटाचं कारण आहे. तेव्हा बाईच्या नावाचा मनोरुग्णालयाचा कागद घरात सापडणं ही नुसती बदनामीची गोष्ट नव्हती. तो कागद उद्या कोर्टात किंवा जमातीच्या बैठकीत तिच्याविरुद्ध उभा राहू शकत होता. आमच्या आया-आज्या ‘झोप येत नाही’ यापुढे कधी बोलल्या नाहीत, त्यामागे नुसता भित्रेपणा नव्हता, हिशेबही होता.

म्हणून बाईच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा शोध कुठल्या गोळीचा नाही, ओपीडीचा आहे. सकाळी केसपेपर काढायचा, डॉक्टरला भेटायचं, औषध घ्यायचं आणि मुलं शाळेतून यायच्या आत घरी. मॅजिस्ट्रेट नको, हुकूम नको, भिंत नको. साध्या इस्पितळात मनाच्या आजाराचा असा बाह्यरुग्ण विभाग हिंदुस्थानात पहिल्यांदा १ मे १९३३ रोजी कलकत्त्यात सुरू झाला. कारमायकेल मेडिकल कॉलेजात, ज्याला आज आर. जी. कर म्हणतात. सुरू करणारे गिरींद्रशेखर बोस. हे तेच बोस, ज्यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि ज्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी तशीच ओपीडी सुरू केली. भायखळा, नागपाडा, डोंगरी, मदनपुरा सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. जे. जे. ला गेलं म्हणजे माणूस वेडा असं कुणी म्हणत नव्हतं, कारण तिथं तापाचा, हाडाचा, बाळंतपणाचा, सगळ्यांचाच दवाखाना होता. गर्दीत लपता येणं ही त्या ओपीडीची खरी सोय.

इथं आमच्यातलं कुणीतरी हमखास बिमारिस्तान काढतं. खरं आहे ते. कैरोत सुलतान कलावूननं १२८४ मध्ये बांधलेल्या मन्सूरी इस्पितळात स्त्रियांचा विभाग वेगळा होता, मनोरुग्णांची सोय होती, आणि घरीच राहणाऱ्या गरीब आजाऱ्यांना औषध पुरवायची तरतूद त्याच्या वक्फनाम्यात होती. त्याच्याही आधी नवव्या-दहाव्या शतकात बल्खच्या अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकच पुस्तक लिहिलं. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण न सापडणारं दुःख यांत त्यांनी फरक केला. अभिमान वाटावा असंच आहे हे. पण सातशे वर्षांपूर्वीच्या कैरोचा अभिमान सांगणाऱ्या मोहल्ल्यात आज बाईनं झोपेची गोळी कुठून आणायची, हा प्रश्न त्या अभिमानानं सुटत नाही. बल्खीसाहेबांना सलाम करून पुढं जाऊ.

कलकत्ता आणि मुंबईनंतर ओपीड्या हळूहळू वाढल्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम. दार उघडं होतं. तरी बायका त्या दाराशी जात नव्हत्या, निदान आपल्या पायानं आणि त्या नावानं तरी नाही. त्या शेजारच्या दाराशी जात होत्या. कुणी डोकेदुखी घेऊन एमबीबीएसकडे, कुणी ‘जीव घाबरतो’ म्हणून हकीमाकडे, कुणी ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणून बायकांच्या डॉक्टरकडे.

या शेवटच्या तक्रारीवर गोव्यात जे काम झालं, ते मला फार मोलाचं वाटतं. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगाथ’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला हळदोणे परिसरातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्यांत जंतुसंसर्ग किती आणि मनाचा ताण किती, हा प्रश्न होता. त्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा उदासी, चिंता आणि घरातल्या ताणाशी जास्त घट्ट निघालं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत अशा बाईला वर्षानुवर्षं जंतुनाशक गोळ्यांची पुडी मिळत आली. ती दर दोन महिन्यांनी परत येते, पुन्हा पुडी घेते. डॉक्टर म्हणतात, ही बाई उगीच येते. अहो, उगीच कोण दोन तास रांगेत उभं राहतं? तिला ‘मन’ हा शब्द उच्चारायची मुभा नाही, म्हणून ती शरीराचा जो भाग दाखवायची परवानगी आहे तो दाखवते.

गोव्यातच जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण यांनी धोका वाढत होताच, पण मुलगा हवा असताना मुलगी झाली की तो आणखी वाढत होता. हे गोव्यातलं, जिथं शिक्षण आणि दवाखाने देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी बरे. पुढं ‘मानस’ नावाच्या प्रयोगात चोवीस दवाखान्यांत, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रं आणि निम्मे खासगी डॉक्टर, गावातल्याच शिकलेल्या स्त्रियांना समुपदेशक म्हणून बसवलं. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. येणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास होतं, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ४३ च्या आसपास. खासगी दवाखान्यांत फारसा फरक पडला नाही. माझा अंदाज असा, की खासगी डॉक्टर मुळातच जरा वेळ देऊन बोलतात, म्हणून तिथं समुपदेशकाची उणीव तेवढी भासली नसावी. सरकारी केंद्रात कुणीतरी शांतपणे ऐकून घेणं हीच नवलाई.

हा झाला दवाखान्यापर्यंत पोचलेल्या बाईचा इतिहास. जिला उंबरठाच ओलांडता येत नाही तिचं काय, याचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर मला सीमेपलीकडे सापडलं. पाकिस्तानचं नाव काढलं की आपल्याकडे वाचकाच्या कपाळावर आठी येते, माझ्यासारख्यानं काढलं तर जरा जास्तच. तरी वाचा.

रावळपिंडी जिल्ह्यात गुजरखान आणि कल्लर सय्यदां हे तालुके आहेत. आतिफ रहमान हे तिथं काम करणारे मनोविकारतज्ज्ञ. त्यांना आधीच्या अभ्यासात दिसलं होतं, की गरोदरपणात उदास असलेल्या आयांची बाळं वजनानं मागं पडतात आणि वारंवार जुलाबानं आजारी होतात. उपचार करायचे तर डॉक्टर कुठून आणायचे? आणि आणले तरी सासू सुनेला ‘दिमागी डॉक्टर’कडे पाठवणार थोडीच. पण गावागावांत एक बाई आधीच होती. बेनझीर भुट्टोंच्या काळात, १९९४ मध्ये, सुरू झालेल्या योजनेतली लेडी हेल्थ वर्कर. आपल्या आशाताईंसारखी, फक्त आशा दहा-अकरा वर्षांनी आल्या. साधारण आठवी शिकलेली, एक हजार लोकवस्तीमागं एक. तिच्याकडे लशींचं, पाळणा लांबवण्याचं, गरोदर बाईच्या तपासणीचं काम. कुठल्याही घराचं दार तिला उघडं, कारण ती बाळासाठी येते.

रहमान यांच्या गटानं उपचार त्या दारातूनच आत नेले. या बायकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, पुढं दर महिन्याला देखरेखीची बैठक. हातात चित्रांचं पुस्तक. ‘नैराश्य’ हा शब्द त्यात पुढं केलेलाच नव्हता. बाळ नीट वाढावं म्हणून आईनं काय करायचं, एवढंच बोलणं. एका चित्रात बाई गुडघ्यात डोकं घालून बसलेली, दुसऱ्यात तीच बाई बाळाशी बोलतेय. पहिलीच्या मनात काय चाललं असेल? तिला दुसरा कुठला विचार करता येईल? आईची स्वतःची तब्येत, आई आणि बाळाचं नातं, घरच्यांची साथ, असे तीन विषय. सोळा भेटी: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला, बाळंतपणानंतरच्या महिन्यात तीन, पुढं नऊ महिने महिन्यातून एक. सासूबाई बाजूला बसल्या तरी हरकत नव्हती, उलट त्यांनाही कामाला लावायचं होतं. नातवाची गोष्ट आहे म्हटल्यावर सासूबाई नाही कशाला म्हणतील?

२००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. चाळीस युनियन कौन्सिलांतल्या ९०३ उदास गरोदर बायका या प्रयोगात होत्या. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ज्यांना ही भेट मिळाली त्यांच्यात २३ टक्के अजून नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे तीच कार्यकर्ती तितक्याच वेळा गेली पण हे प्रशिक्षण तिला नव्हतं, त्यांच्यात ५३ टक्के. मेंदूची एकही गोळी न देता. बाळांना जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं, आई आणि बाप दोघंही बाळाशी जास्त खेळू लागले. गंमत पुढं आहे. ज्या बाळाच्या वजनाचं निमित्त सांगून आत प्रवेश मिळवला होता, त्या बाळांच्या वजनात आणि उंचीत सांगण्यासारखा फरक पडलाच नाही. मुलं सात वर्षांची झाल्यावर पाहिलं, तेव्हाही त्यांच्या वाढीत दोन गटांत वेगळेपणा दिसला नाही. फायदा झाला तो मुख्यतः आईला, जिच्या नावानं कुणी दारच उघडलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये हीच पद्धत जगासाठी पुस्तिका म्हणून काढली. मग गोवा आणि रावळपिंडी एकाच प्रयोगात जोडले गेले. या वेळी आरोग्य कार्यकर्तीऐवजी शेजारपाजारच्या, स्वतः आया असलेल्या बायकांनी हे काम केलं. २०१९ मध्ये त्याचे निकाल आले. परिणाम पूर्वीइतका मोठा नव्हता, पण होता. दोन देशांची सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती त्या वर्षांत गोव्यातली आणि कल्लर सय्यदांमधली बाई एकाच पुस्तकातली चित्रं बघत होती, हे मला कुठल्याही शांतता परिषदेपेक्षा मोठं वाटतं.

तरी या यशाबद्दल मनात एक खडा राहतोच. बाळाच्या दारातून फक्त बाळ असलेली बाई आत येते. जिला मूल नाही तिचं काय? जी विधवा आहे, तलाक होऊन माहेरी भावजयीच्या हाताखाली राबते, बत्तीस वर्षांची होऊन जिचं लग्न ठरत नाही, तिचं काय? आमच्या समाजात उदासी सगळ्यात जास्त साठते ती नेमकी याच बायकांपाशी, आणि त्यांच्याकडे कुठलीच लेडी हेल्थ वर्कर येत नाही. त्या जातात कुठं? दर्ग्यात.

दर्गा ही बाईला कारण न सांगता जाता येईल अशी फार थोड्या जागांपैकी एक आहे. म्हणूनच हाजी अलीच्या मजारीपाशी बायकांना बंदी घातली गेली तेव्हा मला तो फक्त हक्काचा प्रश्न वाटला नव्हता. (२०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी उठवली.) बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला गेलात तर हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली, डोकं फिरलं म्हणून आणलेली माणसं दिसतात. तिथं बाई केस मोकळे सोडून ओरडू शकते, नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव घेऊन शिव्या देऊ शकते, आणि लोक म्हणतात, ती नाही बोलत, तिच्यातलं भूत बोलतंय. घरात हेच बोलली असती तर?

पण या जागेचं दुसरं रूपही आहे, त्याकडे डोळेझाक करणारा लेख मी लिहिणार नाही. तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याभोवती खासगी ‘मनोरुग्णगृहं’ उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका गवताच्या छपराला आग लागली. आतली माणसं खाटांना साखळ्यांनी बांधलेली होती. अठ्ठावीस जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, बेकायदा गृहं बंद झाली. त्यानंतर देशात दोन मतं पडली. एक म्हणे, दर्ग्यातले हे सगळे प्रकार बंदच करा. दुसरं म्हणे, आमच्या श्रद्धेत डॉक्टर नको. दोन्ही मतं पुरुषच हिरिरीनं मांडत होते.

तिसरी वाट गुजरातेत निघाली. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथं मीरा दातारचा दर्गा आहे. करणी, बाधा उतरवण्यासाठी लांबून लोक येतात. तिथं २००८ च्या आसपास एका स्वयंसेवी संस्थेनं सरकारच्या मदतीनं दर्ग्याच्या आवारातच ओपीडी सुरू केली. नाव ठेवलं ‘दवा-दुआ’. पहिलं काम मुजावरांशी बोलायचं. पिढ्यान्‌पिढ्या तिथं बसलेली ही माणसं, त्यांची रोजीरोटी तीच. त्यांना सांगितलं, तुमची दुआ बंद करायची नाही, फक्त अमुक लक्षणं दिसली की बाईला शेजारच्या खोलीत पाठवा. मग मुजावरच सांगू लागले: दुआ मी करतो, दवा तिथं घे. डॉक्टरच्या दहा भाषणांनी जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं. बाईच्या डोक्यावर आता वेडेपणाचा शिक्का नव्हता, कारण तिला पाठवणारा खुद्द दर्गा होता.

काही पुरोगामी मित्रांना ही तडजोड खटकते. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी एका माणसानं जीव दिलाय. त्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी मुलाचं नाव हमीद दलवाईंवरून ठेवलं आणि तो मुलगा मनोविकारतज्ज्ञ झाला, हेही आपल्याच महाराष्ट्रात घडलं. पण पुण्यात वस्त्यांमधल्या बायकांसोबत काम करणाऱ्या भार्गवी दवर यांचं मत मला जास्त पटतं. त्यांच्या आईनं मनोरुग्णालयाचा छळ सोसला होता. १९९९ मध्ये आईच्या नावानं ‘बापू ट्रस्ट’ काढून दवर यांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की बाईला जिथं थोडा आधार मिळतो ती जागा आधी समजून घ्या, मग तिथं काय बदलायचं ते ठरवा. साखळी दर्ग्यातली असो की इस्पितळातली, ती तोडायचीच. पण ओसरी तोडायची नाही.

हे सगळं शोधून काढायला एक निमित्त होतं. आमच्या यंत्रमागाच्या गावात जमातीच्या धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून एकदा फक्त स्त्रियांसाठी मनोविकाराची ओपीडी सुरू करायचं ठरलं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक डॉक्टरीणबाई यायला तयार झाल्या. पाटी आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ‘मानसिक आरोग्य विभाग (स्त्रिया)’ असं सुबक लिहिलं होतं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या आपांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, “बोर्ड पे ये लिखोगे तो डॉक्टरनी अकेली बैठेगी.”

मला हरारेचं बाक आठवलं. झिम्बाब्वेच्या राजधानीत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञानं २००६ मध्ये दवाखान्याच्या अंगणात लाकडी बाक टाकलं आणि वस्तीतल्या आज्यांना शिकवून तिथं बसवलं. तिथल्या शोना भाषेत या आजाराला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे बाई ‘डोक्यात विचारच विचार येतात’ म्हणते ना, तेच. बाकाचं नाव आधी ‘मानसिक आरोग्याचं बाक’ होतं. कुणी बसेना. आज्यांनी सांगितलं नाव बदला, मग ते ‘मैत्रीचं बाक’ झालं आणि बायका येऊ लागल्या. हा किस्सा मी बैठकीत सांगितला. आपा म्हणाल्या, “अफ्रीका की दादियां भी हमारे जैसी ही हैं.” आमच्या पाटीवर आता ‘झोप, डोकेदुखी, घबराट: स्त्रियांसाठी’ असं मराठी-उर्दूत लिहिलंय. एकही शब्द खोटा नाही.

वेळेवरूनही वाद झाला. कुणी शुक्रवार सुचवला, जुम्म्याला पुरुष मशिदीत असतात म्हणून. पण त्या दिवशी घरात जेवणाचं काम जास्त, पाहुणे जास्त. बुधवार ठरला, अकरा ते एक, मुलं शाळेत आणि पाळीवाला नवरा कारखान्यात किंवा झोपलेला. डॉक्टरीणबाईंनी रमजानचा विषय काढला, तो आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हता. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि रमजान लागला की बायका गोळीच बंद करतात. बहुतेक गोळ्या इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येतात, हे आधी सांगायला हवं. लिथियमवर असलेल्या बाईनं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवू नये. दिवसभर पाणी पोटात नसेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. मौलानांनी हे जुम्म्याच्या बयानात सांगायचं कबूल केलं. सरकारचा ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबरही पत्रकावर टाकला, पण कितीजणींचा फोन स्वतःचा आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

शेवटचा मुद्दा कागदाचा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. पण कायदा दवाखान्याला लागू, घरातल्या ट्रंकेला नाही. केसपेपर घरी नेला की सासू उघडणार, नणंद वाचणार, उद्या भांडणात तो बाहेर येणार. तेव्हा असं ठरलं, की जिला कागद घरी न्यायचा नाही तिचा कागद दवाखान्यातच राहील, तिच्याकडे फक्त एक नंबर लिहिलेली चिठ्ठी. त्यासाठी जुन्या बाजारातून एक लोखंडी कपाट आणलं. कुलूप नवं घेतलं. किल्ली सिस्टरकडे असते, विश्वस्तांकडे नाही. या एका गोष्टीवर विश्वस्त तीन बैठका अडून बसले होते, आणि आपा चार बैठका.